घुबडासारखे शहाणे, काकडीसारखे थंड

सीमाभागातल्या मराठी घरांतून अलीकडे तिन्हीसांजेला एक नवेच स्तोत्र ऐकू येते. 'ॲज बिझी ॲज अ बी, ॲज ब्रेव्ह ॲज अ लायन, ॲज कूल ॲज अ क्युकंबर, ॲज डेड ॲज अ डोअरनेल.' पोर झुलत झुलत म्हणते, आई भाकरी थापता थापता कौतुकाने ऐकते आणि वडील आल्यागेल्याला सांगतात, "पन्नास तोंडपाठ आहेत त्याला!" डोअरनेल म्हणजे काय आणि ते मेलेले असते म्हणजे नेमके काय, हे कुणी विचारीत नाही. विचारले तर पोराला सांगता येणार नाही, वडिलांना येणार नाही, आणि ज्या गाइडातून ही यादी वहीत उतरली त्या गाइडातही ते लिहिलेले नसते. तिथे असते फक्त गाळलेली जागा. जागा भरली की एक गुण.

मला भांडायचे आहे ते या गाळलेल्या जागेशी.

वाचकहो, इंग्रजीशी माझे वैर नाही. मराठीत एम. ए. झालो असलो तरी शिक्षक कमी पडले तेव्हा इंग्रजीचे तास मी आनंदाने घेतले आहेत. आमच्या शाळेतल्या शेतकऱ्याच्या, विणकराच्या, विडी वळणाऱ्या बाईच्या मुलाला उत्तम इंग्रजी आले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच मी म्हणतो की ही यादी म्हणजे इंग्रजी नव्हे. ती पाठ करून इंग्रजी येत नाही. आणि ती पाठ करता करता घरातली जी भाषा निसटते, ती पुन्हा कुठल्या गाइडात मिळत नाही. दोन्हीकडून नुकसान आहे. कसे ते आता क्रमाने सांगतो.

* * *

आधी या इंग्रजी उपमांचे खरे स्वरूप पाहू. यादीत त्या एका मापाच्या विटांसारख्या रचलेल्या दिसतात. बोलण्यात मात्र प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, जागा वेगळी, वजन वेगळे.

काकडीपासूनच सुरुवात करू. काकडीत शेकडा ९५ भाग पाणी, त्यामुळे ती उन्हाळ्यातही हाताला गार लागते. इंग्रज माणूस कुणाला 'ॲज कूल ॲज अ क्युकंबर' म्हणतो तेव्हा तो स्तुती करीत असतो. चहूकडे धांदल उडाली, सगळे घाबरले, पण या गड्याने डोके शांत ठेवले, असा त्याचा भाव. जॉन गे नावाच्या इंग्रज कवीच्या १७३२ सालच्या एका विनोदी गीतात ही काकडी भेटते, म्हणजे ती जुनी आहे. पण हीच उपमा शब्दाला शब्द लावून मराठीत आणा आणि पाहा. 'तो काकडीसारखा थंड आहे' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हाकेला ओ द्यायला पाच मिनिटे लावणारा थंडा गोळा उभा राहतो. इंग्रजीत जी शाबासकी, ती मराठीत निंदा. आपण शाबासकी देताना म्हणतो, 'त्याच्या डोक्यावर बर्फ आहे.' हे ज्या मुलाला कळले, त्याला 'कूल' शब्द कळला. ज्याने नुसती जागा भरली, त्याला काकडीसुद्धा कळली नाही.

दुसरे उदाहरण घुबडाचे. 'ॲज वाइज ॲज ॲन आउल' हे त्या यादीतले लाडके वाक्य. ग्रीकांच्या अथीना या ज्ञानदेवतेचा पक्षी घुबड. अथेन्सच्या जुन्या नाण्यांवर एका बाजूला देवी, दुसऱ्या बाजूला घुबड. तिथून ते युरोपभर शहाणे ठरले. आपल्याकडे? घराच्या आढ्यावर घुबड बसले की म्हातारी माणसे अस्वस्थ होतात. पलीकडच्या कन्नड आळीत 'गूबे' म्हणजे सरळ मूर्ख. हिंदीतला उल्लू तर सर्वांना माहीत. बंगालात लक्ष्मीचे वाहन म्हणून घुबडाला मान आहे, पण तो मान त्याच्या शहाणपणाला नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने 'माय ग्रँडफादर' या निबंधात आजोबांना घुबडाइतके शहाणे ठरवले, गुण मिळवले आणि घरी जाऊन मोठ्या उत्साहाने त्याचा अर्थ आजोबांना सांगितला. आजोबा म्हणाले, "अरं, शाळंत मास्तर हेच शिकिवत्यात व्हय, म्हाताऱ्याला घुबाड म्हणायला?" पोराला आपले काय चुकले ते समजेना, कारण त्याचे काहीच चुकले नव्हते. त्याला कुणी सांगितलेच नव्हते की एकच पक्षी दोन भाषांत दोन झाडांवर बसतो.

तिसरा आहे चर्चमधला उंदीर. 'ॲज पुअर ॲज अ चर्च माउस' म्हणजे अत्यंत गरीब. का? तर चर्चमध्ये स्वयंपाकघर नसते, कोठार नसते, उंदराला खायला काही मिळत नाही. आपल्या देवळातला उंदीर याच्या अगदी उलट. खोबऱ्याचे तुकडे, नैवेद्याचा भात, अक्षता आणि वर समईचे तेल. त्याच्याइतका खाऊनपिऊन सुखी प्राणी गावात दुसरा नसेल! म्हणून ही उपमा कारण सांगितल्याशिवाय आपल्या मुलाला पटणारच नाही. शिवाय ती कुठे वापरायची हाही प्रश्न आहेच. फी-सवलतीसाठी इंग्रजीत लिहिलेल्या एका अर्जात 'माझे वडील चर्चच्या उंदरासारखे गरीब आहेत' हे वाक्य मी वाचले आहे. व्याकरणात खोट नाही. पण ही थट्टामस्करीतली, गप्पांतली उपमा आहे. ती अर्जात घातली की दुःखाचा विनोद होतो. यादी अर्थ सांगते असे घटकाभर धरले, तरी जागा सांगत नाही. भाषेत जागा चुकली की अर्थ असून नसल्यासारखा.

आता ते मेलेले डोअरनेल. जुन्या काळच्या जाड लाकडी दारांना मोठे खिळे ठोकीत. ही उपमा इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे, विल्यम लँगलंडच्या काव्यातही सापडते. गंमत अशी की खुद्द चार्ल्स डिकन्सला हा प्रश्न पडला होता. १८४३ साली आलेल्या 'अ ख्रिसमस कॅरल'च्या पहिल्याच पानावर तो मार्ली नावाच्या माणसाला दारखिळ्यासारखा मेलेला ठरवतो आणि लगेच थबकतो. दाराच्या खिळ्यात एवढे मेलेले काय असते? आपल्याला विचाराल तर शवपेटीचा खिळा जास्त मेलेला! मग तोच म्हणतो की असो, पूर्वजांचे शहाणपण या उपमेत साठलेले आहे, आपण त्याला हात लावू नये. पाहा, ज्याची ती भाषा, तो एवढा मोठा लेखकसुद्धा उपमेपाशी थांबतो, तिला उलटसुलट करून पाहतो, हसतो आणि मग पूर्वजांना नमस्कार करून पुढे जातो. आणि आमचे पोर? ते थांबत नाही. त्याला पुढची जागा भरायची असते.

'ॲज राइट ॲज रेन' म्हणजे आजारातून किंवा अडचणीतून सुटून पुन्हा ठीकठाक. निपाणी-चिकोडीच्या शेतकऱ्याला विचारा की पाऊस नेहमी 'राइट' असतो का. मृगाचा पाऊस म्हणजे देव. पण तंबाखू काढणीला आली असताना कोसळणारा अवकाळी पाऊस म्हणजे वर्षाच्या कष्टांवर पाणी. 'ॲज गुड ॲज गोल्ड' हे इंग्रजीत बहुधा शहाण्यासारख्या वागलेल्या लहान मुलाबद्दल म्हणतात, पाहुण्यांकडे नेले तरी गडबड केली नाही, एवढ्याच अर्थाने. आपण 'सोन्यासारखा माणूस' म्हणतो तो जन्मभर पारखून, पुष्कळदा तो गेल्यावर. दोन्हीकडे सोने तेच, पण तोलण्याचा काटा वेगळा.

आणखी एक गोष्ट गाइडे कधीच सांगत नाहीत. या उपमांपैकी कितीतरी नादामुळे टिकल्या आहेत. बिझी-बी, कूल-क्युकंबर, राइट-रेन, डेड-डोअरनेल, गुड-गोल्ड, फिट-फिडल. हा आपला अनुप्रासच आहे. काही ठिकाणी तर अर्थ मागाहून लावावा लागतो, आधी कान खूश होतो. वटवाघूळ आंधळे नसते, त्याला दिसते, तरी 'ॲज ब्लाइंड ॲज अ बॅट' चालूच आहे. हे सांगितले की मुले हसतात आणि हसली की विसरत नाहीत. हा माझा वर्गातला अनुभव आहे.

एवढे करून ही पन्नास वाक्ये इंग्रजीत मोठी प्रतिष्ठेची आहेत काय? तेही नाही. जॉर्ज ऑर्वेल, म्हणजे आपल्याच बिहारात मोतिहारीला १९०३ साली जन्मलेला इंग्रज लेखक, याने १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवर एक निबंध लिहिला. त्यातला त्याचा पहिलाच नियम असा की छापील मजकुरात वारंवार दिसणारी उपमा किंवा रूपक लिहिताना वापरू नये. झिजलेले नाणे वापरणारा माणूस विचार करायचे टाळतो, असे त्याचे म्हणणे. म्हणजे इंग्रजीचा जाणता लेखक सांगतो की घासलेल्या उपमा टाळा, आणि आम्ही इकडे त्याच उपमा पाठ केल्या म्हणून मुलांना गुण वाटतो! बोलण्यात त्या येतात, गप्पांत शोभतात, कथा-कादंबऱ्या वाचताना कळल्या पाहिजेत, हे सगळे खरे. पण त्या ओळखायला शिकवणे वेगळे आणि निबंधात पेरायला लावणे वेगळे. पहिल्याला शिक्षण म्हणतात. दुसऱ्याला सजावट म्हणतात, तीही शेजाऱ्याच्या जुन्या पताकांची.

* * *

आता घरातली बाजू पाहू, कारण माझे खरे दुखणे तिथे आहे.

तेच पोर पाठांतर आटोपून जेवायला बसते. आमटी तिखट झाली आहे. ते म्हणते, "खूप तिखट आहे." ताक आंबट आहे, "खूप आंबट आहे." शेवंती पिवळी, "खूप यलो आहे." कारले? "खूप बिटर." एका 'खूप'ने आमची सगळी उपमाने गिळून टाकली.

त्याच्या आजीच्या तोंडात या प्रत्येक गुणाला वेगळा जोडीदार होता. तिखट म्हणजे तिखटजाळ. कडू म्हणजे कडूजहर. पिवळे धमक, लाल भडक, काळेकुट्ट, पांढरेशुभ्र, हिरवेगार, गोरेपान. वाचकहो, हे शब्द नीट पाहा. तिखटजाळ म्हणजे जाळासारखे तिखट. कडूजहर म्हणजे जहरासारखे कडू. 'सारखे' हा शब्द मराठीने मधल्या मध्ये गिळला आणि उपमेचा एकच टपोरा शब्द केला. इंग्रजीला 'ॲज' दोनदा म्हणावे लागते. मराठी एका श्वासात काम उरकते. पौर्णिमेच्या चांदण्याला आपल्या लोकांनी पिठूर म्हटले, म्हणजे जात्याभोवती सांडलेल्या पिठासारखे. 'ॲज व्हाइट ॲज स्नो' म्हणणाऱ्या आमच्या मुलाने बर्फ पडताना कधी पाहिलेला नाही. पीठ रोज पाहतो. पण पाहिलेल्या गोष्टीचा शब्द त्याच्याकडे नाही, आणि न पाहिलेल्या गोष्टीचा शब्द तोंडपाठ आहे!

आठवी-नववीच्या व्याकरणात आम्ही उपमेची चार अंगे शिकवतो: उपमेय, उपमान, दोघांतला समान धर्म आणि साम्य दाखवणारा शब्द. इंग्रजीच्या 'ॲज-ॲज' साच्यात समान धर्म उघड सांगितलेला असतो. शूर कुणासारखा? सिंहासारखा. मराठी बोलीत तो पुष्कळदा सांगतच नाहीत, ऐकणाऱ्याने ओळखायचा असतो. 'मांजरागत आला' म्हणजे पाऊल न वाजवता. 'मांजरागत बसला' म्हणजे अंग चोरून. 'मांजरागत घोटाळतंय' म्हणजे सारखे पायांत. मांजर एकच, धर्म क्रियापदाने ठरवला. निपाणी-कोल्हापूरकडचे हे 'गत' ज्याच्या कानावर लहानपणापासून पडले, त्याच्या बुद्धीला रोज न सांगता व्यायाम होत असे. उसाचा रस काढून उरलेले चिपाड पाहिलेला माणूस आजारी पोराला 'चिपाडागत झालंय' म्हणतो, तेव्हा त्यात नुसते बारीक होणे नसते. कुणीतरी रस पिळून घेतल्याचे दुःखही असते. 'ॲज थिन ॲज अ रेक' मध्ये ते नाही. रेक हे गवत ओढायचे दाताळे, ते पहिल्यापासूनच बारीक. अळवावरचे पाणी, लाह्या फुटल्यासारखे बोलणे, भिजल्या कोंबडीसारखे कोपऱ्यात बसणे, कुत्र्याच्या शेपटीसारखे वाकडे: यांतले प्रत्येक कुणीतरी कधीतरी डोळ्यांनी पाहिले आणि दुसऱ्याच्या हाती दिले. उपमा म्हणजे पाहिलेल्याची शिदोरी. शब्द गेला की पाहणेही मंदावते, असे माझे निरीक्षण आहे. 'खूप यलो' म्हणणाऱ्या मुलाला पिवळ्यातले प्रकार दिसेनासे होतात. हळदीचा पिवळा वेगळा, शेवंतीचा वेगळा, पिकल्या पानाचा वेगळा, हे त्याला सांगावे लागते.

आणि हेच मूल पुढे इंग्रजी निबंध लिहायला बसते. स्वतःचे पाहणे नाही म्हणून ते यादीकडे धावते. इंग्रजीच्या पेपरात दर चौथ्या उत्तरपत्रिकेत तीच मधमाशी आणि तोच सिंह का येतो, याचे उत्तर इंग्रजीच्या तासात नाही, घरच्या जेवणाच्या पंगतीत आहे.

* * *

आपण सीमेवर राहतो, त्यामुळे हा प्रश्न आणखी एका अंगाने आपल्याला भिडतो. आपल्या अंगणात तिसरी भाषाही आहे.

इंग्रजी म्हणते, लाइक फादर, लाइक सन. मराठी म्हणते, खाण तशी माती. कन्नड म्हणते, 'तायियंते मगळु, नूलिनंते सीरे', म्हणजे आईसारखी मुलगी, सुतासारखी साडी. एका अर्थाची तीन रूपे पाहा. इंग्रजीने नुसते बापलेक सांगितले. मराठीने जमीन खणली. कन्नडने माग मांडला. बेळगावात शहापूर-वडगावच्या विणकर आळ्यांतून माग चालताना ज्याने ऐकला आहे, त्याला कन्नड उपमा परकी वाटेल काय? आपण म्हणतो, हातच्या कांकणाला आरसा कशाला. ते म्हणतात, 'अंगै हुण्णिगे कन्नडी बेके', तळहातावरच्या फोडाला आरसा कशाला. आपण म्हणतो, गाढवाला गुळाची चव काय. ते म्हणतात, 'कत्तेगेनु गोत्तु कस्तूरी परिमळ', गाढवाला कस्तुरीचा वास काय कळणार. गाढव दोन्हीकडे तेच! ते काही १९५६च्या राज्यपुनर्रचनेत वाटले गेले नाही.

हे मी का सांगतो? आपला लढा खोटा आहे म्हणून नव्हे. १ नोव्हेंबर १९५६पासून या भागातील मराठी माणसाने काय सोसले, महाजन आयोगाच्या १९६७च्या अहवालाने काय केले, २००४ साली महाराष्ट्राला सर्वोच्च न्यायालयात का जावे लागले, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. २०१४च्या १ नोव्हेंबरला सरकारी कागदावर बेळगावचे बेळगावी झाले, तेही आपण पाहिले. आपल्याला कागद मराठीत मिळाला पाहिजे, पाटी मराठीत असली पाहिजे, ही मागणी न्याय्य आहे. पण पाटीवर मराठी आणि ताटावर 'खूप स्पायसी', हा काय प्रकार? दिवाळीच्या आगेमागे १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत सर्वांच्या पुढे घोषणा देणारी, आणि दुसऱ्या दिवशी नातवाशी मोडक्या इंग्रजीत बोलणारी माणसे मी पाहिली आहेत. आपल्यावर एक भाषा लादली म्हणून रस्त्यावर यायचे आणि दुसरी आपण होऊन घरात आणून चुलीपाशी बसवायची! पहिलीविरुद्ध निदान मोर्चा तरी काढता येतो. दुसरीविरुद्ध कुणी काढायचा? आणि कन्नड घरांची कथा काही वेगळी नाही. राज्योत्सवाच्या मिरवणुकीत लाल-पिवळा झेंडा खांद्यावर, आणि पोराच्या ओठी तीच काकडी, तेच घुबड. भांडणारे दोघे, आणि दोघांच्याही घरातून माल नेणारा तिसराच.

धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. त्यांनी कन्नडमध्ये काव्य लिहिले आणि १९७३चा ज्ञानपीठ पुरस्कार त्या काव्याला मिळाला. त्यांनी मराठीतही लिहिले. घरची भाषा पक्की असलेला माणूस दुसऱ्या भाषेत किती खोल उतरतो, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला नको. यादीतून बेंद्रे घडत नाहीत.

* * *

पालक मला म्हणतात, "सर, हे सगळं ठीक आहे, खरं पोरांना नोकरी इंग्रजीवर मिळते की." बरोबर आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या प्रकरणात निर्णय दिला की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकारने लादू नये, निवड पालकांची. निवड पालकांची, तर जबाबदारीही पालकांचीच. इंग्रजी माध्यमात घाला, मी आडवा येत नाही. आमच्या शाळेत एके काळी आठवीच्या तीन तुकड्या होत्या, आता एक भरताना दमछाक होते. तरीही आडवा येत नाही. माझा प्रश्न एवढाच की शाळा इंग्रजी झाली म्हणून स्वयंपाकघर इंग्रजी करायला तुम्हाला कोणत्या न्यायालयाने सांगितले?

आणि नोकरीचे म्हणाल, तर मुलाखतीत 'ॲज बिझी ॲज अ बी' म्हणून कुणाला नोकरी मिळाल्याचे ऐकिवात नाही. पाहिलेले नीट सांगता येणाऱ्याला मिळते. आपल्या दोन-तीन पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीत दोष होते, उच्चार यथातथाच राहत, पण एक गुण मोठा होता. प्रत्येक इंग्रजी वाक्यापाशी मराठी वाक्य शोधावे लागे. शोधताना दोन्हींची पारख होई. ती माणसे वकील झाली, मामलेदार झाली, प्राध्यापक झाली आणि घरी तिखटजाळच म्हणत राहिली.

दुसरे काही जण म्हणतात की या म्हणी, या उपमा जुन्या झाल्या, जाते गेले, पिठूर चांदणे गेले, आता काय करायचे? मग दारखिळा काय कालचा आहे? चौदाव्या शतकातला परदेशी खिळा चालतो आणि आजीच्या अंगणातले जाते मात्र जुने? रेव्हरंड मॅनवेअरिंग या इंग्रज पाद्र्याला मराठी म्हणी इतक्या मोलाच्या वाटल्या की त्याने त्या गोळा करून इंग्रजी भाषांतरासह १८९९ साली ऑक्सफर्डहून छापवल्या. दाते-कर्वे यांनी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे दोन जाड खंड रचले. परक्याला मोल कळले, विद्वानांना कळले. आता ते घरात कळायचे बाकी आहे.

टीका करून मोकळे होणे सोपे असते. म्हणून काय करावे तेही सांगतो. यात पैशाचे काम नाही.

शिक्षकांनी गाळलेल्या जागा बंद कराव्यात. दहाच उपमा शिकवाव्यात, पण प्रत्येकीचे कारण, तिचा सूर आणि तिची जागा सांगून. स्तुती आहे की थट्टा, गप्पांत चालेल की अर्जात, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. मुलांच्या वहीत तीन रकाने आखून घ्यावेत: इंग्रजी, मराठी, कन्नड. जिथे जोडी जुळत नाही तिथे जागा मोकळी सोडावी आणि ती का जुळत नाही ते लिहावे. ही एकच गाळलेली जागा मला मान्य आहे, कारण ती भरण्यासाठी डोके लागते. कन्नड रकाना भरायला मूल शेजारच्या घरी जाईल. जाऊ द्या. शेजाऱ्याची म्हण विचारून आल्याने कुणाचे मराठीपण कमी होत नाही.

मग मुलांना स्वतःच्या उपमा करायला सांगाव्यात, इंग्रजीतच. आमच्या वर्गात एकाने लिहिले, 'ॲज वेट ॲज बेळगाव इन जुलै.' दुसरीने लिहिले, 'ॲज स्वीट ॲज कुंदा.' तिसऱ्याने, 'ॲज क्राउडेड ॲज द सौंदत्ती बस ऑन द फुल मून.' एकीने किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती घेऊन 'ॲज ओल्ड ॲज द कमल बस्ती' केले. यांतले एकही वाक्य गाइडात नाही, आणि प्रत्येक वाक्य कोणाही इंग्रजाला वाचताक्षणी कळेल. ऑर्वेलने यालाच गुण दिले असते. डोळे बेळगावचे आणि व्याकरण इंग्रजीचे. मला हवे ते इंग्रजी हे.

पालकांनी एवढेच करावे की 'खूप' या शब्दावर घरात कर बसवावा. मूल 'खूप' म्हणाले की विचारावे, "कशासारखं?" उत्तर मिळेपर्यंत लाडू हातात देऊ नये. या दिवाळीत सुरुवात करता येईल. चकली कशासारखी झाली, चिवडा कशासारखा, आकाशकंदिलाचा लाल कशासारखा, हे विचारा. मुले आधी बावचळतील, मग आजीकडे पाहतील. आजीला बोलू द्या. आजी नसेल तर आत्याला, मावशीला, शेजारच्या काकूंना विचारा. काकू कन्नड असतील तरी चालेल. त्या सांगतील ते मुलाच्याच हाताने वहीत उतरवून घ्या आणि सुट्टी संपली की वही शाळेत पाठवा. तीन रकान्यांपैकी दोन भरून येतील. इंग्रजीचा तिसरा रकाना भरून द्यायला आम्ही शिक्षक पगार घेतो, तो आमच्याकडून भरून घ्या.